‘व्हिलन’चा अर्थ आणि मनवर सर

छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतरच्या वर्षी मी पुसदच्या आमच्या हायस्कुलात रुजू झालो. मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली, “हे मनवर, आपले नवे बौद्ध सर.” सर हसून म्हणाले, “नवा नाही जी, अकरा वर्षं झाले इथंच इंग्रजी शिकवून राह्यलो.” मुख्याध्यापकांना त्यातले काही बोचले नाही. मला आज आठवूनही बोचते.

शब्द कुठून आला हे सांगितल्याशिवाय सर पुढचे वाक्य घेत नसत. ‘व्हिलन’ आला तेव्हा मी वर्गाबाहेर उभा राहून ऐकले आहे. हा शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतला. जमीनदाराच्या जमिनीवर राबणारा खेडूत, एवढाच त्याचा अर्थ. वरच्यांनी तो हिणवायला वापरला आणि हळूहळू त्याचा ‘दुष्ट’ झाला. “तुमाले कोणी गावंढळ म्हटलं तर राग येते ना? गावच्या माणसाचीच शिवी केली. हे तसंच आहे.” सगळा वर्ग खेड्यापाड्यांतला. शब्द पक्का बसला.

पुढे तपासणी आली. शिक्षण खात्याच्या साहेबांनी अकरावीला नेमका ‘व्हिलन’ विचारला. फुलसावंगीची शकुंतला उठली. “आधी मालकाच्या वावरात राबे तो मानूस, सर. अन् मंग...” साहेब खो खो हसले. तिचे ‘अन् मंग’ कुणी ऐकून घेतलेच नाही! दुसरा अर्थ तिला येत होता हो. सरांनी दोन्ही शिकवले होते. साहेब सरांकडे वळले. “धर्म बदलला, आता शब्दांचे अर्थही बदलायला निघालात काय?”

“अर्थ मी बदलला नाही, साहेब,” सर शांतपणे म्हणाले. “ज्यांची जमीन होती, त्यांनी बदलला.”

साहेबांनी शाळेच्या शेरेबुकात शेरा लिहिला: इंग्रजी शिकवण्यास अपात्र. दुसऱ्याच दिवशी सरांचे तास काढून त्यांना कवायत दिली. पदवीधर माणूस उन्हात शिट्टी वाजवू लागला, आणि ते तास मला मिळाले. त्या संध्याकाळी सर स्वतःची टिपणवही घेऊन माझ्या घरी आले. “पोरापोरींचं नुकसान नको,” एवढेच बोलले, चहा न घेता गेले.

मी मुख्याध्यापकांच्या कपाटातला जाडा कोश उघडायला लावला. सरांनी सांगितले तेच तिथे छापलेले होते, जसेच्या तसे. मुख्याध्यापकांनी पान वाचले, चष्मा पुसला. “कोशात असेल हो. पण साहेबांनी लिहून ठेवलंय ना!” मी यावर काय केले? कोश जागेवर ठेवला आणि वर्गावर गेलो. सर कवायत घेत राहिले, सुट्टीत झाडाखाली मागेल त्याला इंग्रजी शिकवत राहिले, आणि मला एका शब्दाने त्यांनी कधी दुखावले नाही. त्यांच्या या चांगुलपणाचाही मला राग येतो.

आता सरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. सत्कार समितीत तेव्हाचे तेच मुख्याध्यापक अध्यक्ष आहेत आणि शेरा अजून तसाच आहे. सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो; डोळे, पाय, आवाज असेच खणखणीत राहोत. पण समितीला माझे सांगणे आहे: शाल अंगावर घालण्याआधी शेरेबुक मंचावर आणा. त्या शेऱ्याखाली कोशातला अर्थ उतरवा, ‘मनवर सर बरोबर होते’ असे लिहा आणि सगळ्यांनी सह्या करा. पहिली सही मी करीन, कारण त्या दिवशी कोश मिटून वर्गावर गेलेला माणूस मी आहे.