झिऱ्यातली वाटी

ओल्या वाळूचा वास आला की अजून डोकं सणकतं. मी लहान असताना पडलेल्या दुष्काळात आईनं कोरड्या नदीत पाण्यासाठी झिरा उकरला होता. वाटीवाटीनं घागर भरायला बाया उन्हात नंबर लावून बसायच्या. एक दिवस गावच्या सहकारी सोसायटीच्या नव्या गोदामासाठी वाळू न्यायला ट्रॅक्टर थेट तिथंच आला. “सरका, चेअरमनचा हुकूम हाय,” ड्रायव्हर म्हणाला. आई झिऱ्यापुढं आडवी बसली. “वाळू नेली तर पाणी कशात ऱ्हाईल रं? आन् गोदामात ठिवायला पिकंल तरी काय?” तो नुसता हसला. तिच्या अगदी शेजारी ट्रॅक्टरवरच्या गड्यांची फावडी चालली, झिरा ढासळला, आईची वाटी त्यातच गाडली गेली. काल माझ्या घराच्या बांधकामावर ओली वाळू पडली. “नदीचीच हाय, साहेब,” ठेकेदार म्हणाला. कुठल्या नदीची, हे मी विचारलं नाही.