चौथऱ्यातला राखेचा खड्डा

आमच्या ह्यांना ते माहीत होतं की नव्हतं, हे मला अजूनही उमगलेलं नाही. तुम्हाला कळलं तर बघा.

भांडुपच्या एका कारखान्यात हे वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर होते. रेल्वेचे भरलेले मालडबे सायडिंगवरून आत ओढून आणायचे, रिकामे परत नेऊन सोडायचे. वर्षानुवर्षं तिचं तेवढंच काम. तिचं म्हणते, कारण हे इंजिनाला ‘म्हातारी’ म्हणत. पहाटे जाऊन बॉयलर पेटवायचा, वाफ धरेपर्यंत ऊन वर यायचं. संध्याकाळी रुळांमधल्या खड्ड्यात राख पाडायची, मग घर. नाकपुड्या काळ्याकुट्ट. मी दारातच अडवायची, “आधी मोरीत, मग चहा.”

ऐंशी साल उलटल्यावर कधीतरी डिझेलचं इंजिन आलं आणि म्हातारी शेडमागे गवतात गेली. ह्यांना स्टोअरमध्ये बसवलं. घरी यायचे ते स्वच्छ, आणि गप्प. तीन-चार वर्षांनी मात्र एकदा जिना चढतानाच ओरडले, “अगो, म्हातारीक नीट करतत! माकाच बोलावल्यानी!”

मग काय विचारता! गंज खरवडला, गळक्या नळ्या बदलल्या. पितळी झडपा घासायला माझ्या बरणीतली चिंच गेली. “आमटीत काय घालू आता, ग्रीस?” मी म्हटलं, तर म्हणाले, “घाल, चव येयत.”

दसऱ्याच्या पूजेला कारखान्यात घरच्यांना बोलवायचे. तिथे साहेब कौतुकाने मला म्हणाले, “वहिनी, आता ही गेटवर शोभेला. चौथरा बांधतोय.”

“म्हणजे चालणार नाही?”

“छे हो. विस्तव कधीच नाही लागायचा.”

“मग हे नळ्या कशाला बदलतायत?”

“हौस त्यांची. म्हटलं, करू दे.”

माझं डोकंच चालेना. रात्री जेवताना हळूच विचारलं, “काय हो, ती चालणार ना?”

“बॉयलर तयार आसा,” हे भाकरी मोडत म्हणाले.

आता हे काय उत्तर झालं? ह्यांना कोणी सांगितलंच नसेल, तर ते मी कशी सांगू? आणि ठाऊक असेल, तर एवढं जीव तोडून कशासाठी राबतायत? मी भात वाढला.

पुढे एकदा मी ह्यांचा डबा घेऊन गेले, तर गेटपाशी गवंडी विटा रचत होता आणि हे त्याला सांगत होते, “हय रुळांच्या मधी खड्डो सोड. राख पाडूक व्हयो.”

“काका, राख कसली? शोभेचं इंजिन ना हे?”

हे चिडले नाहीत, हसलेही नाहीत. टेप लावून त्याला माप दाखवलं आणि नळावर हात धुवायला गेले.

गवंडी माझ्याकडे वळला. “मावशी, तुम्ही तरी सांगा. साहेबांनी सपाट करायला सांगितलंय. वाट लागेल माझी.”

मी नळाकडे पाहिलं. ह्यांची पाठ आमच्याकडे. पाणी वाहतच होतं. एवढा वेळ लागतो का हात धुवायला?

“सोड रे खड्डा,” मी म्हटलं. “वर इंजिन उभं राहिल्यावर कोणाला दिसतोय? साहेबांनी विचारलं तर माझं नाव सांग.”

असं का म्हटलं, देव जाणे. त्याने मान डोलावली आणि मधल्या विटा काढल्या. हे हात पुसत आले, वाकून खड्डा नीट बघितला, मग माझ्याकडे बघितलं. आता काहीतरी बोलतील म्हणून मी थांबले.

“डब्यात काय आसा?” त्यांनी विचारलं.

“बांगडा,” मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?