यजमानांचं नाव

मुलांनो, काल फोनवर मी तुमच्या नावांची अदलाबदल केली, म्हणून आजच लिहिते.

स्मृतीच्या प्रयोगशाळेत मी चाचण्या घ्यायची, तेव्हा एका आजींना मी नुकतेच सांगितलेले पाचही शब्द आठवेनात. यजमानांचं नाव विचारलं, तर त्या खाली बघत राहिल्या. मला वाटलं, तेही गेलं. शेजारी बसलेले आजोबा म्हणाले, "अगं, उखाण्यात घे की!"

"इश्श, बाईंसमोर?" असं म्हणत आजींनी न अडखळता अख्खा उखाणा घेतला, नावासकट.

आठवण कधी कधी गेलेली नसते, आडोशाला उभी असते.

माझ्याकडून नावं पुन्हा चुकतील, बाळांनो. तुमचा आवाज ऐकला की होणारा आनंद मात्र जागच्या जागी आहे.