पेटत्या दिव्याची तार

निवृत्त झाल्यावर वहिनी महिनाभरसुद्धा स्वस्थ बसल्या नाहीत. बत्तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेली बाई. स्वयंपाकघरातले डबेसुद्धा अक्षरक्रमानं लावलेले. त्यांचा धाकटा दीर इंजिनिअर. ठोकलेल्या गाड्या तपासायच्या, टायरच्या खुणांवरून वेग काढायचा आणि अपघात कसा घडला ते कागदावर मांडायचं, हे त्याचं काम. डोकं तल्लख, पण कामाची खोली म्हणजे उकिरडा. गाड्यांची माहितीपुस्तकं, ब्रेकचे तक्ते, चेपलेल्या दारांचे फोटो, बुटांच्या खोक्यांत गाड्यांचे जुने दिवे.

"वहिनी, हात लावू नका हं. कुठे काय आहे ते मला बरोबर ठाऊक आहे."

"मग परवा तीन तास काय शोधत होतास? अक्कल?"

दुसऱ्या दिवशी वहिनींनी पदर खोचला.

सात महिने लागले. क्लच कशाशी खातात हे त्यांना माहीत नव्हतं, पण ग्रंथालयातल्यासारखं कार्ड करून प्रत्येक कागदाला त्यांनी घर दिलं: आधी कंपनी, मग मॉडेल, मग वर्ष. दिवे तर त्या कचऱ्यातच टाकणार होत्या. दीर धावत आला.

"अहो, ते सोनं आहे! दिवा चालू असताना धडक बसली, तर आतली तापलेली तार ताणली जाते. बंद असेल तर गार तार एक तर तशीच राहते, नाही तर कडकन तुटते."

मग एकेक दिवा कापसात, एकेका डबीत गेला. वर चिठ्ठी: कोणती गाडी, कशी धडक, चालू की बंद.

एका दुपारी एका टेंपोवाल्याची बायको आली. पहाटेच्या धुक्यात समोरासमोर धडक होऊन नवरा जागीच गेला होता.

"दिवे न लावताच निघाला म्हणतात. मेलेला माणूस उठून उत्तर देत नाही, म्हणून सगळं त्याच्या माथी. लेक विचारते, बाबांची चूक होती का? काय सांगू तिला?"

वहिनींनी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि तो रिकामा होईपर्यंत शेजारी बसून राहिल्या.

दिरानं रीतसर परवानगी काढून टेंपोचे दोन्ही दिवे आणले आणि त्या बाईलाही बोलावून घेतलं. वहिनींनी दोन मिनिटांत तशाच दिव्यांच्या चार डब्या त्याच्यापुढे ठेवल्या. तो भिंगातून बराच वेळ पाहत होता. शेवटी उठला आणि त्या बाईला खुर्चीवर बसवून म्हणाला, "ताई, तुम्हीच बघा. ही ताणलेली तार. दोन्ही दिवे चालू होते."

तिला भिंगातलं काही दिसेना. डोळे भरून आले होते. "लेकीला घेऊन येऊ का?" एवढंच तिनं विचारलं.

त्याचा अहवाल पोलिसांकडे गेला आणि तपासातली नोंद बदलली.

पुढच्या महिन्यात मायलेकी आल्या. मुलीनं पिशवीतून टेंपोचं तेलकट माहितीपुस्तक काढलं. बाबांनी समासात बारीक अक्षरात हवेचा दाब, तेल बदलल्याच्या तारखा लिहिल्या होत्या.

"तुमच्याकडे हे आहे का?"

दिरानं तोंड उघडलं, तोच वहिनी म्हणाल्या, "असं नाही."

त्यांनी नवं कार्ड घेतलं. देणाऱ्याच्या नावासाठी त्यावर जागाच नव्हती. वहिनींनी पट्टी घेऊन खाली एक ओळ आखली आणि पेन मुलीच्या हातात दिलं.