मोहाखाली थांबलेली गाडी

"वयनी गेली," एवढंच बोलून माझे यजमान दारातच बसले. घरी उतरलेल्या पर्यटक पाहुण्यांसाठी मी पोहे परतत होते, हात तसाच राहिला. सुशीलाबाई, माझी थोरली जाऊ... डोक्यात ताप गेल्याचं निमित्त झालं आणि गोंदियाच्या दवाखान्यातून ती परतलीच नाही. महिना झाला. दुःख कळतं मला. पण त्याहून जास्त भीती वाटते, ती कुणाला सांगू?

नागझिऱ्याच्या जंगलाला लागून आमचं गाव. मोहफुलांच्या दिवसांत आम्ही बाया झुंजूमुंजू होताच टोपल्या घेऊन रानात जातो. मागच्या एका हंगामात आम्ही वाकून फुलं वेचत होतो. तेवढ्यात वाटेवर एका वाघामागे पर्यटकांच्या जिप्स्या धावल्या. गाड्यांना टाळायला वाघ वाट सोडून थेट आमच्या झाडाकडे वळला. सुशीलाबाईनं माझं मनगट धरलं. "पळू नको वं. पाठ नको दाखवू." वाघ आमच्याकडे बघत उभा राहिला... मग झुडपात शिरला. घरी येईपर्यंत माझी दातखीळ सुटली नव्हती.

त्याच संध्याकाळी तिनं ड्रायव्हर, गाईड आणि पाहुणे ठेवणारी आमच्यासारखी घरं, सगळ्यांना पारावर बोलावलं. एक ड्रायव्हर म्हणाला, "बाई, वाघ नाई दिसला तं पाहुना कायले येईन?"

"आन् आमच्यातली एखादी गेली तं? मंग कोन येईन रे तुया गावात?"

शेवटी ठरलं : मोहाच्या हंगामात सकाळी त्या वाटेवर वाघामागे गाडी न्यायची नाही, दिसला तर लांब थांबून सुशीलाबाईच्या नावानं बायांना हाक द्यायची. ऊन वर आल्यावर बाई स्वतः पाहुण्यांना मोहाखाली न्यायची, फुलं चाखवायची. लोक तिला धीट म्हणत. मला मात्र ती म्हणाली होती, "मले भेव वाटते, म्हनून तं बोलून राहिली."

आता गाड्यांवर नवी पोरं आलीत. तिचा शब्द तिच्यामागे कोण पाळणार, या धास्तीनं मला झोप नव्हती. तरी परवा आम्ही गेलो. पहिलं पाऊल कुणी टाकेना, म्हणून मीच टाकलं. टोपली अर्धी भरली नसेल, तोच गाडीचा आवाज जवळ आला. आम्ही एकमेकींना चिकटलो. आवाज लांबच थांबला आणि तीच ठरलेली हाक आली, "सुशीलाबाई होऽऽ! वाघ नाल्याकडं हाये, तिकडं नोका जाऊ!"

सगळ्या बाया माझ्याकडे बघू लागल्या. मी टोपली खाली ठेवली.

"होऽऽ," मी ओ दिली.