वीतभर खालचा थर

माझा मामा ट्रॅक्टरने भाड्याची नांगरट करायचा. तीस वर्षं हा एकच धंदा. नांगराने मातीत पडणारी चरी, म्हणजे तास, त्याचं इतकं सरळ निघायचं की सगळे त्याला गवंड्याच्या दोरीवरून ओळंबा म्हणत. टपालवालासुद्धा पाकिटावरचं नाव न वाचता 'ओळंब्याचं घर' एवढ्यावर पत्र आणून द्यायचा. शेत नांगरून झालं की मामा बांधावर उभा राहून नुसता बघत राहायचा. काळीभोर उलटलेली माती, वर काडीसुद्धा नाही. "शेत कसं, धुतलेल्या पाटीसारखं पाहिजे," म्हणायचा.

आजोबांच्या जमिनीचे दोन भाग झाले होते, एक मामाचा आणि एक माझ्या आईचा, मधे हातभर बांध. आई मामापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिचंही शेत तोच नांगरायचा. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी तिने त्याला नको म्हटलं. नांगरलेल्या ढेकळांतून चालणं तिला जमेना. मागच्या पिकाची धसकटं जागच्या जागी ठेवून, काठीसारख्या टोकणयंत्राने, उभ्याउभ्याच तिने मका लावला.

"ताई, लोक काय म्हणतील? नांगरवाल्याच्या बहिणीचं शेत पारोसं!"

"म्हणू देत. त्यांचे गुडघे शाबूत आहेत."

पहिल्या वर्षी तण माजलं, मका बेताचाच आला. मामाने हसून घेतलं. पुढच्या वर्षी जरा बरा आला. तरी मामाची चेष्टा काही थांबली नाही.

पाचव्या वर्षी पीक गुडघाभर असताना दोन दिवस पावसाने झोडपून काढलं. थांबला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आईच्या शेतातलं पाणी जिरलं. मामाच्या शेतात चौथ्या दिवशीही बगळे उभे होते आणि मका बुडापासून पिवळा पडत चालला होता.

"तुझ्याकडे उतार आहे, म्हणून," मामा म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," आई म्हणाली.

ते त्याला झोंबलं. त्याने ओळखीच्या गवंड्याला बोलावून पाण्याच्या नळीने दोन्ही शेतांची पातळी काढायला लावली. गवंड्याने तीनदा मोजलं आणि डोकं खाजवत सांगितलं, "ओळंबा, ताईंचं शेत तुझ्यापेक्षा चार बोटं खालीच आहे रे. पाणी उलट त्यांच्याकडे साचायला हवं."

मामा दोन दिवस आमच्याकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फावडं घेऊन दारात हजर.

"ताई, तुझ्या शेतात एक खड्डा घेऊ?"

"घे की. कोणाला पुरायचंय?"

मीही त्यांच्याबरोबर गेले. आईच्या शेतात फावडं सहज आत गेलं. माती रव्यासारखी दाणेदार सुटत होती. जुन्या मुळांच्या जागी पोकळ नळ्या राहिल्या होत्या, गांडुळांची भोकं सरळ खाली गेली होती, आणि मक्याची मुळं त्यांतूनच वाट काढत उतरली होती. मग मामाने स्वतःच्या शेतात खणलं. वरची माती मऊ निघाली. पण वीतभर खाली गेल्यावर फावडं खणकन वाजलं. खाली फरशीसारखा गुळगुळीत, घट्ट थर होता. मामाने खिशातली सुरी टोचून पाहिली, ती वाकली. मक्याची मुळं तिथवर येऊन आडवी वळली होती. थराच्या वर चिखल, थराखाली माती चक्क कोरडी.

मामाने वीत लावून खोली मोजली. मग पुन्हा मोजली.

"ही माझ्या नांगराची खोली आहे," तो हळूच म्हणाला. "दरवर्षी फाळ इथेच घासला. ट्रॅक्टरचं चाकही याच तासातून गेलं. ताई, हा थर मीच केलाय. तुझ्याकडचा पाच वर्षांत मुळांनी आणि गांडुळांनी फोडला."

घरी येऊन आईने दोन पेल्यांत पाणी घेतलं आणि दोन्ही शेतांतलं एकेक ढेकूळ तव्यावर सुकवून त्यांत सोडलं. मामाचं ढेकूळ बघता बघता विरघळून गाळ झालं. आईचं मात्र आमचा चहा पिऊन होईपर्यंत तसंच अखंड होतं.

"किती जणांची शेतं नांगरली असतील मी," मामा पेल्याकडे बघत म्हणाला.

"बोलावलं म्हणून गेलास. आता कळलंय, तर सांग त्यांना."

"म्हणजे पोटावर पाय?"

"ते तू ठरव."

पीक निघून जमीन चांगली वाळल्यावर मामाने एक लांब दात्याचं अवजार मागून आणलं आणि माती न उलटवता तो थर एकदाच फोडला. त्यानंतर स्वतःच्या शेतात नांगर घातला नाही. जुन्या नांगराच्या सांगाड्यावर त्याने वेल्डरकडून धसकटांतून पेरणारं यंत्र बसवून घेतलं. पहिली दोन यंत्रं फसली, काडीकचरा अडकून बसायचा. तिसरं चाललं.

नांगरटीला बोलावणं आलं की तो आधी त्यांच्या शेतात खड्डा घ्यायचा आणि त्यांना आत उतरवायचा. निम्म्या लोकांना पटायचं. बाकीच्यांपुढे सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी दुसरा नांगरवाला गाठला. एका निवृत्त मास्तरांनी तर स्पष्टच सांगितलं, "मला माझं शेत काळंच बघायचंय." मामाने मुकाट्याने नांगरून दिलं. उलटलेल्या मातीचा वास त्यालाही आवडायचाच. ते मला त्याने एकदा कबूल केलं.

स्वतःच्या शेतात पहिल्या वर्षी मामाला तणाने छळलं आणि ओळखीच्यांनी हसून घेतलं. तिसऱ्या वर्षी पुन्हा तसाच धो धो पाऊस झाला. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामाच्या शेतातलं पाणी जिरलं होतं. आईच्या शेतापेक्षा अर्धा दिवस उशिराच. मामा एकेका ओळीत वाकून मातीला हात लावून बघत होता. आईला ते घरातून दिसलं. ती गुडघा सांभाळत बांधापर्यंत गेली आणि चहाचा पेला तिथेच त्याच्या हातात दिला. मामाचे हात मातीने भरले होते. पेल्यावर त्याची पाची बोटं उमटली.