उकळलेली घोंगडी

उज्ज्वला हिंगमिरे ही काही दुपारी झोपणारी बाई नव्हे. बारा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाला दुपारची झोप कुठून यायची? एका कॉलेजातला तास संपला की दुसऱ्या कॉलेजची एसटी धरायची, आणि एसटीतही उभंच राहायचं. पण आज मुलाखतीच्या दिवशीच, दुपारी अडीच वाजता, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत भिंतीला डोकं टेकून ती बसली आहे आणि तिचे डोळे मिटत चालले आहेत. पहाटे चारला उठून गावाहून निघालेली, त्यात एप्रिलचं ऊन, आणि तिचा नंबर सातवा. आत चौथा उमेदवार शिरून अर्धा तास झाला तरी बाहेर येत नाही.

ही तिची चौथी मुलाखत. जीवरसायनशास्त्राची कायम जागा एकच आहे. पुढची निघेल तेव्हा माझी मुलगीच मुलाखतीला बसलेली असेल, असं ती मैत्रिणींना सांगते आणि हसते, पण त्या हसण्यात काही राम नसतो. ही जागा गेली तर पुन्हा दोन कॉलेजं, दोन एसट्या आणि हातात चपात्यांचा डबा.

सकाळी सगळ्या उमेदवारांना विषयाच्या चिठ्ठ्या वाटल्या. तिच्या चिठ्ठीत आलं आहे: गोलाकार आणि तंतुमय प्रथिने, त्यांची रचना आणि कार्य. दहा मिनिटं फळ्यापाशी शिकवून दाखवायचं. विषय तिला येतो, झोपेतून उठवलं तरी येतो. भीती वेगळीच आहे. मागच्या मुलाखतीत एका तज्ज्ञांनी चष्मा काढून म्हटलं होतं, "बाई, पाठांतर झकास आहे. पण ज्याने शाळेचं तोंड पाहिलं नाही, त्याला हे सांगाल का?" आणि उज्ज्वला हातात खडू घेऊन नुसती उभी राहिली होती.

कारण असा माणूस तिच्या घरातच होता. तिचे वडील, तात्या. सांगोल्याच्या बाजूला खड्ड्याच्या मागावर बसून त्यांनी जन्मभर घोंगड्या विणल्या. दर दिवाळीला ते विचारायचे, "उजा, तू पोरांस्नी काय शिकवतीस, मला एकदा सांग की." आणि ही दर दिवाळीला करंज्या तळता तळता म्हणायची, "तात्या, तुम्हाला नाही कळायचं ते." तात्यांना जाऊन चार वर्षं झाली. सांगायचं राहिलं ते राहिलंच. शिवाय आजच्या अर्जात वडिलांच्या धंद्यापुढे तिने लिहिलं आहे, शेती. हिंगमिऱ्यांच्या सात पिढ्यांत कुणाकडे गुंठाभर जमीन नव्हती.

पापण्या जड होतात. काचेच्या बरण्यांमधले बेडूक आणि साप धूसर होत जातात. फॉर्मॅलिनचा वास नाकात बसलेला असतो, त्यात हळूच दुसरा वास मिसळतो, शिजलेल्या चिंचोक्यांच्या खळीचा. घोंगडीचं उभं सूत ताठ व्हावं म्हणून कुंच्याने लावतात ती खळ. इथे कोण खळ शिजवतंय, असं तिला वाटतं, पण फारसं नवल वाटत नाही.

बेसिन होतं तिथे आता मागाचा खड्डा आहे. खड्ड्यात पाय सोडून तात्या बसले आहेत. डोक्याला तांबडं मुंडासं, कानावर विडी, पुढे ताणलेलं काळं सूत.

"दमलीस व्हय?" ते मान वर न करता विचारतात.

"नाही तात्या. मुलाखत आहे."

"हाय की ठावं. म्हणून तर आलो. सांग आता."

"काय सांगू?"

"जे न्हाई कळायचं ते."

उज्ज्वलाला ओशाळवाणं होतं. वर्गात ऐंशी पोरांना गप्प बसवणारी ही बाई बापापुढे पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहते. पण तात्या वाट बघताहेत, आणि वाट बघण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही. ती खड्ड्याच्या काठाशी बसते.

"प्रथिन म्हणजे एक माळ समजा तात्या. मण्यांची. वीस तऱ्हेचे मणी असतात."

"बरं."

"त्या माळेचा कधी गुंडा होतो, कधी धागा."

तात्या आपल्या बाजूचा लोकरीचा गुंडा उचलतात. "हे माझ्याबी घरात हाय. येकच लोकर. गुंडाळली की गुंडा, ताणली की उभं सूत. यात शिकवायचं काय?"

"तुमचा गुंडा तुम्ही गुंडाळता. तो आपला आपण गुंडाळला जातो."

तात्यांचा हात थांबतो. त्यांना पटलेलं नाही, हे तिला भुवईवरून कळतं. लहानपणी कुणी लोकर हलकी असून चांगली म्हणून सांगितली की भुवई अशीच वर जायची.

"त्येला कोण सांगतं गुंडाळ म्हणून?"

"पाणी सांगतं. काही मण्यांना पाणी आवडतं, काहींना अजिबात नाही. सगळी माळ पाण्यात. मग ज्यांना पाणी नको, ते आत दडून बसतात. ज्यांना हवं, ते बाहेर राहतात. झाला गुंडा. बाहेरून पाण्याशी सलोखा, म्हणून तो रक्तात विरघळून कुठंही हिंडतो. अंगावर त्याच्या एखादी खोबण राहते. त्या खोबणीत ठरावीकच वस्तू बसते. ती धरायची, न्यायची, सोडायची, नाहीतर तिचे तुकडे करायचे, असली त्याची कामं."

"आन् धागा?"

"धाग्यात मण्यांची ओवणी वेगळी, म्हणून एकेक माळ पिळदार होते, स्प्रिंगासारखी. मग असे पीळ एकमेकांना पीळ घालतात. त्यांच्यामध्ये गंधकाच्या गाठी असतात. ती ही तुमची लोकर. पाण्यात विरघळत नाही, ओढली तर ताणली जाते, सोडली की परत येते."

"गंधक," तात्या म्हणतात आणि हसतात. "म्हणून लोकर जाळली की तसला वास मारतो व्हय. मी आपला जन्मभर वास घेऊन खरी-खोटी वळखत बसलो."

तिला एकदम अभिमान वाटतो. हे तिच्या एकाही विद्यार्थ्याने स्वतःहून जोडलं नव्हतं. बारा वर्षांत एकानेही नाही.

आणि मग खड्डा नाही, प्रयोगशाळा नाही. प्रयोगशाळेचं लांब टेबल घराच्या परसात आलं आहे, त्याच्या टोकाला दोन चुली पेटल्या आहेत, आणि उज्ज्वला सतरा वर्षांची आहे. तिला हा दिवस माहीत आहे. होस्टेलवरून ती नुकतीच आली होती, स्वच्छतेवरचे धडे ताजे होते. तात्यांची अंगावरची घोंगडी काढून तिने रिठ्याच्या उकळत्या पाण्यात घातली आणि धोपाटण्याने मनसोक्त बडवली. विणकराच्या पोरीने हे करावं. घोंगडीला गरम पाणी दाखवायचं नाही, हे त्या घरातल्या मांजरालाही माहीत होतं. घोंगडी आटून टोपलीवरच्या फडक्याएवढी झाली, जाड, घट्ट, वीण कुठे ती दिसेना. उज्ज्वला दिवसभर रडली होती.

दुसऱ्या चुलीवर आई खरवस करत होती. शेजारच्या धनगरांची म्हैस व्यायलेली, त्यांनी चीक आणून दिलेला. स्वप्नातही झाकणाखालून वेलदोड्याचा वास येतो आहे.

तात्या दोन्ही चुलींच्या मध्ये उकिडवे बसले आहेत. एका हातात ताटली, ताटलीत खरवसाची वडी. दुसऱ्या हातात ती आटलेली घोंगडी.

"येक जाळ, दोन भांडी," ते म्हणतात. "चीक पातळ हुता, त्येची वडी झाली. घोंगडी आटली, पर घोंगडीच ऱ्हायली. असं का, मास्तरीणबाई?"

उज्ज्वला तोंड उघडते आणि तिचं तिलाच नवल वाटतं. बारा वर्षं ती हा धडा शिकवते आहे, आणि या दोन चुली तिला एकदाही आठवल्या नव्हत्या.

"चिकात गुंडे होते तात्या. उकळल्यावर ते उसवले. आत दडलेले मणी बाहेर आले. त्यांना पाणी नको, मग ते एकमेकांनाच धरून बसले. सगळं थिजलं."

"थंड केल्यावर परत चीक हुईल?"

"नाही होणार."

"आन् ह्यो खरवस रेडकाला घातला तर?"

"पोट भरेल. पण चिकातले काही गुंडे रोगाशी लढणारे असतात. म्हैस रेडकाला पहिल्या दिवशी तेच पाजते. रोगाला धरायची त्यांची खोबणच मोडली, तर लढणार कशाने? आकार गेला की काम गेलं."

"घोंगडीचं का न्हाई गेलं?"

"धाग्याला कुठं हिंडायचंय, कुणाला खोबणीत धरायचंय? त्याने नुसतं टिकायचं. आतले पीळ आणि गाठी उकळत्या पाण्यालाही पुरून उरल्या. लोकरीच्या केसांवर खवले असतात, ते बडवल्याने एकमेकांत अडकले, म्हणून ती आटली. पण धागा लोकरीचाच राहिला. ऊब गेली नाही."

"न्हाईच गेली," तात्या म्हणतात. "वीस वर्सं तिच्यावर बसून विणलंय मी. येणाऱ्या-जाणाऱ्याला दावायचो, ही माझ्या लेकीनं केलेली."

"मला वाटायचं, तुम्ही थट्टा करता."

"थट्टा कशाची? गावात सगळे विणतात. उकळून बघणारी तू येकलीच."

मग जे सांगायला ती कुणापुढेच धजली नव्हती, ते ती सांगून टाकते. "तात्या, अर्जात मी तुमचा धंदा शेती लिहिलाय."

तात्या खरवसाचा तुकडा मोडतात, चावतात, गिळतात. घाई म्हणून नाही.

"आपल्याला शेत कुठं हाय?"

"नाही."

"मग लोकास्नी खरवस आन् घोंगडी खरी सांगायची, आन् बाप खोटा सांगायचा?"

ते रागावलेले नाहीत, म्हणून तर ते तिला जास्त लागतं. त्या हसत्या तोंडाच्या माणसाला तिने कागदावरून पुसून टाकलं होतं, आणि तो मात्र तिची बिघडलेली घोंगडी वीस वर्षं लोकांना दाखवत होता. तिला स्वतःची लाज वाटते आणि त्याच क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटतो की दोन्ही एकदम छातीत मावत नाहीत.

"बरं, आता माझं ऐक, बरोबर का सांग," तात्या बोटं मोजत म्हणतात. "मणी त्येच. कुठला मणी कुठं बसवला, त्यावर ठरणार गुंडा व्हायचं का धागा. गुंडा झाला तर हिंडून काम करणार. धागा झाला तर जाग्यावर ऱ्हाऊन भार घेणार. कळलं का मला?"

"कळलं तात्या. सगळं कळलं."

"येवढंच हुतं व्हय?"

"एवढंच होतं."

"मग न्हाई कळायचं म्हणायचीस, ते?"

उज्ज्वला त्यांच्याकडे बघते. परसातल्या उन्हात त्यांच्या मिशांना वेलदोड्याचा बारीक कण चिकटला आहे.

"तुम्हाला कळलं नसतं असं नाही, तात्या. मला सांगता येत नव्हतं."

मागावरचं सूत तोडावं तसा एक काळा धागा तात्या दातांनी तोडतात, तिचा उजवा हात हातात घेतात आणि तिच्या बोटाला धागा गुंडाळू लागतात, एकावर एक, नीट पीळ घालत. त्यांचा अंगठा तसाच आहे, खळीने खरखरीत झालेला.

"फळ्यापाशी जाताना हात रिकामा नसावा," ते म्हणतात.

"हिंगमिरे मॅडम. सात नंबर. हिंगमिरे मॅडम, झोपलात का काय?"

दारात शिपाईमामा उभे आहेत. बरण्यांमधले बेडूक जागच्या जागी आहेत, बेसिनचा नळ ठिबकतो आहे, भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत. उज्ज्वला धडपडत उठते, पर्स उचलते आणि थबकते.

तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला काळा धागा गुंडाळलेला आहे. हातकताईचा, जाडाभरडा, मध्येच एक गाठ असलेला. तिने सुती साडी नेसली आहे. पर्समध्ये रुमाल, पेन आणि पाण्याची बाटली आहे. एप्रिल महिन्यात या शहरात लोकर अंगाला लावणारा माणूस शोधून सापडायचा नाही. ती बोट नाकाशी नेते. चिंचोक्यांची खळ.

"चला मॅडम, साहेब खोळंबलेत," मामा म्हणतात.

आत लांब टेबलामागे पाच जण बसले आहेत. मधले गृहस्थ तिचा अर्ज चाळतात, पान उलटतात. "उज्ज्वला शिदराम हिंगमिरे. वडील शेती करायचे. बरं, करा सुरू."

"सर, एक दुरुस्ती आहे," ती म्हणते. "ते मी खोटं लिहिलं होतं. माझे वडील घोंगड्या विणायचे."

ती फळ्यापाशी जाते. खडू घेत नाही. पाचही जणांना दिसेल असा हात पुढे धरते आणि बोटावरचा धागा उलगडायला लागते.